वाडी आणि वेदी

वसईच्या उत्तरेकडील नंदाखाल, गास, निर्मळ, भुईगाव अशा एखाद्या गावातून पहाटेच्या काळोखात जो कोणी पायवाटेने जाईल त्याला प्रथम सोनचाफ्याचा गंध येईल, मग झाडाखाली हलणारा विजेरीचा इवलासा उजेड दिसेल, आणि त्या उजेडात टाचा उंचावून, फांदी हलकेच वाकवून, अर्धोन्मीलित कळ्या खुडणारी एखादी गृहिणी दिसेल. तिच्या गळ्यात क्रूस असतो. कळीला देठाशी नख लागू नये, कारण नख लागले की पाकळी काळवंडते, याची जाण तिच्या बोटांना लहानपणापासून आहे. खुडलेली फुले पाटीत जातात, पाटी पहिल्या लोकल गाडीने दादरला जाते, आणि सूर्य वर येईतो ती फुले मुंबईतल्या शेकडो देवघरांत गणपतीच्या, दत्ताच्या, देवीच्या चरणी वाहिली जातात. ज्या हातांनी ती खुडली ते हात तोवर चर्चमधील सकाळच्या मिस्सेत जोडले गेलेले असतात, हे ती फुले वाहणाऱ्याला बहुधा ठाऊकही नसते.

कॅथलिक म्हटले की शहरी मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कचेरीतला कारकून, शाळेतली शिक्षिका, इस्पितळातली परिचारिका किंवा वाद्यवृंदातला वादक उभा राहतो. परंतु मुंबईपासून अवघ्या दीड-दोन तासांच्या अंतरावर, आपल्याच भाषेत प्रार्थना करणारा आणि आपल्याच मातीत पिढ्यानपिढ्या घाम गाळणारा कॅथलिक शेतकरी आहे. त्याचे पंचांग चर्चच्या घंटेने चालते आणि त्याचे चर्च वाडीच्या पिकावर उभे राहिले आहे. या शेतकऱ्याचे जीवन समजून घ्यावयाचे तर वाडी आणि वेदी या दोन्ही गोष्टी एकत्रच पाहाव्या लागतात. एकीला दुसरीवाचून अर्थ उरत नाही, हेच मला या लेखात सांगावयाचे आहे.

पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदीचे मुख आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, अशा चतुःसीमेत हा मुलूख वसलेला आहे. डोंगरावर पडलेले पावसाचे पाणी खाली झिरपत येते, वाळूमिश्रित सुपीक जमीन ते आपल्या पोटात साठवून ठेवते, आणि म्हणून समुद्र हाकेच्या अंतरावर असतानाही येथे थोडे खणले की गोडे पाणी लागते. हे गोडे पाणी वसईचे खरे वैभव होय. त्याच्याच बळावर येथे केळीच्या, नारळी-पोफळीच्या आणि पानवेलींच्या वाड्या उभ्या राहिल्या, आणि वाडी करणारे ते ‘वाडवळ’ अशी एका समाजाच्या नावाची व्युत्पत्तीही त्यातूनच सांगितली जाते.

इ. स. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने हा मुलूख पोर्तुगिजांच्या हवाली केला, आणि पुढील दोनशे वर्षांत येथील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. त्या किल्ल्यातील चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर गेल्या, आणि त्यांतली एक आजही नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरात टांगलेली आहे. पोर्तुगीज अंमलदार गेले, परदेशी पाद्री गेले, परंतु शेतकरी आपल्या जमिनीला आणि आपल्या श्रद्धेला धरून जागच्या जागी राहिला. त्याच्यावर पेशव्यांचा अंमल आला, मग इंग्रजांचा आला, मग स्वराज्य आले. सारा घेणारे बदलले, सारा भरणारा मात्र तोच राहिला.

या भागातील ख्रिस्ती शेतकऱ्यांमध्ये कुपारी नावाचा समाज विशेष लक्ष वेधून घेतो. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ म्हणजे धर्मपिता या शब्दावरून आला असे मानतात. आपले पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते अशी या समाजाची परंपरागत श्रद्धा आहे, आणि तिला आधार देणारी गोष्ट अशी की, शेजारच्या हिंदू सामवेदी कुटुंबांची आणि या ख्रिस्ती कुटुंबांची घरगुती बोली आजही एकच आहे. या बोलीला सामवेदी किंवा कादोडी म्हणतात. एक भाऊ देवळात जातो आणि दुसरा चर्चमध्ये, पण बांधावर भेटले की दोघे पाण्याची पाळी एकाच बोलीत ठरवतात. निर्मळच्या तळ्याकाठी शंकराचार्यांची समाधी मानलेले प्राचीन तीर्थस्थान आहे, आणि त्याच गावात पवित्र क्रुसाचे चर्चही आहे. एकाच गावाला दोन्ही श्रद्धास्थाने पूज्य व्हावीत, हे येथील लोकांना कधी विशेष वाटत नाही.

आता या शेतकऱ्याच्या कामाकडे वळू. वाडी म्हणजे शेत नव्हे. शेतात वर्षातून एकदा किंवा दोनदा पीक घेतले जाते. वाडी मात्र बारमाही असते, तिला रोज पाणी लागते, रोज माणसाचा पाय लागतो. घर वाडीतच असते, किंबहुना वाडी घराच्या अंगणातूनच सुरू होते. मागील दारी केळी, त्यांच्या कडेने नारळी, सावलीत पानवेल, मोकळ्या वाफ्यांत वांगी, मुळा, माठ, कोथिंबीर, मांडवावर दुधी, पडवळ, शिराळी आणि कुंपणाला जास्वंद असा तिचा थाट असतो. दोन-तीन एकरांची वाडी म्हणजे मोठी मालमत्ता. पुष्कळांचा हिशेब गुंठ्यांतच चालतो, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर होतो हे ध्यानात घेतले म्हणजे दहा गुंठ्यांवर एक कुटुंब पोसावयाचे तर किती मशागत, किती काटकसर आणि किती जागरूकता लागत असेल याची कल्पना येईल.

पूर्वी या वाड्यांना पाणी रहाटाने दिले जाई. विहिरीच्या तोंडावर उभे लाकडी चाक, त्यावर मातीच्या गाडग्यांची माळ, आणि ते फिरविण्यासाठी गोल चालणारा बैल किंवा रेडा, अशी ती रचना असे. गाडगी भरून वर येत, पन्हळीत रिती होत, आणि पाणी पाटातून आळ्याआळ्याला जाई. पुढे तेलाची इंजिने आली, त्यानंतर विजेचे पंप आले, आणि रहाटाचा तो कुरकुरणारा स्वर गावांतून नाहीसा झाला. रहाटाच्या जोडीला होती बावखले. बावखल म्हणजे बांधीव काठ नसलेले, उतरत्या कडांचे, ऐसपैस मातीचे तळे. पावसाळ्यात गावाचे पाणी त्यात उतरे, तेथून ते हळूहळू जमिनीत मुरे, आणि आसपासच्या विहिरींना उन्हाळाभर पुरे. गुरे तेथे पाणी पीत, बायका कपडे धूत, मुले पोहायला शिकत. बावखल ही केवळ पाण्याची सोय नव्हती. पावसाळ्यात मिळालेले सगळे त्याच वर्षी खर्चून टाकावयाचे नाही, काही मातीच्या हवाली करून पुढच्यासाठी राखावयाचे, ही शिकवण ते तळे गावाला न बोलता देत असे.

केळ हे या वाडीचे प्रमुख पीक. बसराई, मुठेळी, तांबडी, लोखंडी, सोनकेळ, वेलची अशा कितीतरी जाती येथे नांदल्या, परंतु आगाशी आणि आसपासच्या गावांची कीर्ती झाली ती राजेळी केळीमुळे, आणि तिच्यापासून होणाऱ्या सुकेळ्यांमुळे. सुकेळी करणे हे काम दिसावयास सोपे पण फार निगुतीचे आहे. पूर्ण भरलेला राजेळीचा घड उतरवून पिकत घालतात, पिकलेली केळी सोलतात, आणि उन्हात मांडवावर एकेक करून पसरतात. सकाळी मांडावयाची, दुपारी उलटावयाची, संध्याकाळी दव पडण्यापूर्वी गोळा करून झाकून ठेवावयाची, असा क्रम सहा-सात दिवस चालतो. प्रत्येक दिवसाचे ऊन खाऊन केळे आकसत जाते, पांढरट होते ते पिवळे, पिवळे होते ते मधासारखे तपकिरी, आणि अखेरीस त्याच्या अंगावर आपल्याच साखरेची तुकतुकी येते. मग ती केळीच्याच वाळलेल्या पानांत गुंडाळून घट्ट बांधली जातात. पिकाचे वेष्टनही त्याच झाडाचे असते.

एका चैत्राच्या दुपारी आगाशीच्या एका अंगणात मी हे काम जवळून पाहत बसलो होतो. लाल लुगडे नेसलेली एक आजी मांडवाशी उभी राहून केळी उलटीत होती. दोन बोटांनी उचलायचे, दुसऱ्या अंगावर निजवायचे, आणि पुढे सरकायचे. शेकडो केळ्यांत तिने एकही चुरडले नाही. मी सहज एक उचलू लागलो तेव्हा तिने आपल्या बोलीत हळूच सुचविले की, अजून दोन उन्हे बाकी आहेत, आज हात लावलात तर साल सुटल्या अंगावर बोटांचे वळ उठतील. चर्चमध्ये बाराची घंटा झाली. तिने हातातले केळे जागच्या जागी ठेवले, पदराला हात पुसले, उभ्या जागी क्रुसाची खूण केली, ओठांतल्या ओठांत पवित्र मरियेची प्रार्थना म्हटली, आणि पुन्हा नेमक्या त्याच केळ्यापासून काम पुढे चालू केले. तिच्या प्रार्थनेचा आणि कामाचा सांधा मला कोठे दिसलाच नाही. तो ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ होता. ज्या दिवसांत ख्रिस्ती माणूस गोडधोड वर्ज्य करतो, नेमक्या त्याच दिवसांतल्या उन्हात वसईचा सर्वांत गोड पदार्थ अंगणाअंगणांत तयार होत असतो, आणि तो ईस्टरपर्यंत थांबतो, याची गोडी त्या दुपारी मला प्रथम कळली.

कॅथलिक शेतकऱ्याच्या वर्षाची रचना अशी दुहेरी असते. मे महिना हा पवित्र मरियेचा महिना. संध्याकाळी गावोगावच्या क्रुसांपाशी आळीतली माणसे जमतात आणि माळेची प्रार्थना होते. याच महिन्याच्या 15 तारखेला संत इसिदोर यांचा सण येतो. माद्रिद नगराजवळ दुसऱ्याच्या शेतात राबणारा हा स्पॅनिश शेतमजूर 1622 साली संतपदास चढला, आणि तो शेतकऱ्यांचा आश्रयदाता संत मानला जातो. तो प्रार्थनेत गढला असता देवदूतांनी त्याचा नांगर धरला, अशी आख्यायिका आहे. जून उजाडतो, सखल भागात भाताची पेरणी आणि मग लावणी होते. भाद्रपदाच्या सुमारास मरियेच्या जन्माचा सण येतो, आणि ओंब्या भरू लागतात. नोव्हेंबरच्या 2 तारखेला मृतांचा दिवस असतो. त्या दिवशी वाडीतलीच फुले चर्चमागच्या स्मशानभूमीतील कबरींवर वाहिली जातात, आणि आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा ज्या जमिनीत राबले त्याच जमिनीत निजले आहेत हे लहान मुलांना नावानिशी दाखविले जाते. डिसेंबरात नाताळ येतो तेव्हा भाजीपाल्याचा हंगाम भरात असतो, आणि गव्हाणीचा देखावा करायला लागणारा पेंढा कोणाला विकत आणावा लागत नाही.

हा केवळ वसईचा विशेष नाही. गोव्यात ऑगस्टमध्ये नव्या कणसांचे फेस्त होते, पहिली लोंबी वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन तिच्यावर आशीर्वाद मागितला जातो, आणि 24 जूनला सांजाव या सणाला तरुण मंडळी पावसाने भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. मुंबई-साष्टीच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावांत ऑक्टोबरात ‘आगेरा’ हा सुगीचा सण साजरा होतो. मंगळूरकडे 8 सप्टेंबरच्या ‘मोंती’ फेस्ताला नवे भात घरात येते. पहिला घास देवाचा, मग आपला, ही जी नवान्नाची भावना हिंदू शेतकऱ्याच्या घरी आहे तीच येथे वेगळ्या नावाने नांदते. धर्म बदलला, पण कणसाकडे पाहून मनात उठणारी कृतज्ञता बदलली नाही. आणि बायबल तरी कोणाच्या जीवनातून उदाहरणे घेते? पेरणारा, द्राक्षमळा, मोहरीचा दाणा, अंजिराचे झाड, मेंढपाळ हे सारे दाखले शेतावरचे आहेत. शहरातील धर्मगुरूला ते समजावून सांगावे लागतात. वसईच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या कक्षेतील वस्तीत, मात्र काही बी वाटेवर पडले आणि काही खडकावर, एवढे म्हटले की समोरच्या बाकावरील शेतकऱ्यांच्या माना आपोआप हलतात.

वसईच्या मातीने जगाला दिलेला एक पुत्र येथे आठवणे उचित होईल. गोन्सालो गार्सिया या वसईत जन्मलेल्या तरुणाने व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला, आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानमधील नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रुसावर देह ठेवावा लागला. 1862 मध्ये त्याला संतपद मिळाले. भारतात जन्मलेला तो पहिला संत होय. गास येथील चर्च त्याच्या नावाने आहे, आणि त्याचा सण येतो तो ऐन भाजीच्या हंगामात.

पिकविणे हा शेतकऱ्याच्या जीवनाचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे विकणे. 1867 साली विरारहून मुंबईस जाणारी गाडी सुरू झाली आणि वसईच्या वाडीला मुंबईचे दार उघडले. पहाटेच्या गाडीत दुधाच्या बरण्या, भाजीच्या पाट्या, केळीच्या पानांचे भारे आणि फुलांच्या करंड्या यांची दाटी होऊ लागली. वसईचा दूधवाला आणि वसईची भाजीवाली ही मुंबईच्या उपनगरांतील अनेक पिढ्यांच्या परिचयाची माणसे. दादर, पार्ले, वांद्रे येथील घरांत तिला नावाने ओळखत, तिची पाटी उतरवून घेत, आणि सणासुदीला तिच्याकडून केळीची पाने आगाऊ सांगून ठेवत. तिच्या कमरेच्या पिशवीतल्या त्या चिल्लर नाण्यांवर मुलांची शाळा झाली, मुलींची लग्ने झाली, आणि गावच्या चर्चचे छप्परही वेळोवेळी शाकारले गेले.

मात्र नाशवंत माल पिकविणाऱ्याच्या हाती रोकड क्वचितच टिकते. बियाणे, गुरे, विहीर, आजारपण, लग्न यांसाठी सावकाराचे दार ठोठावावे लागे, आणि दागिना किंवा जमीन तारण पडे. या पाशातून शेतकऱ्याला सोडविण्यासाठी 1918 साली वसईत कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापन झाली. तिच्या मागे मोनिस या धर्मगुरूंची प्रेरणा होती. तीच संस्था पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून नावारूपास आली. धर्मगुरूने रविवारी वेदीवरून परस्परप्रेमाचा उपदेश करावा आणि सोमवारी शेतकऱ्यांची अल्प बचत एकत्र करून त्यांनाच ती माफक व्याजाने मिळण्याची व्यवस्था लावावी, यात त्या काळच्या माणसांना काही विसंगती वाटली नाही. शेजाऱ्याचे गहाण पडलेले शेत सोडवून देणे हादेखील उपासनेचाच प्रकार आहे अशी त्यांची धारणा होती.

जमिनीच्या मालकीची कथा मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. जे कुळ म्हणून राबत होते त्यांना 1948 च्या कुळकायद्याने आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषकदिनाने मालकीचा मार्ग खुला केला, आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर प्रथमच त्यांचे नाव लागले. परंतु एकदा लागलेले नाव पुढे किती नावांना जन्म देते हे पाहण्यासारखे आहे. ख्रिस्ती कुटुंबाच्या वारसाहक्काला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. मृत्युपत्र न करता गृहस्थ निवर्तला तर मालमत्तेचा एक तृतीयांश वाटा विधवेला, आणि उरलेला दोन तृतीयांश मुलगे व मुली यांना समसमान मिळतो. कन्येला पुत्राइतकाच हक्क देणारी ही तरतूद न्याय्य आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. पण तीस गुंठ्यांची वाडी तीन पिढ्यांत पंधरा-वीस हिस्सेदारांत वाटली गेली की, तलाठ्याच्या दप्तरातील फेरफार वाढत जातात, आणि वाडी कसणारा मात्र बहुधा एकच उरतो. त्याचे भाऊ नोकरीनिमित्त मुंबईत किंवा आखातात, बहिणी सासरी. विहीर दुरुस्त करावयाची, नवी केळ लावावयाची, तर खर्च त्याचा. विकावयाची वेळ आली तर सह्या सगळ्यांच्या. काही घरांत बहिणी आपणहून हक्कसोडपत्र लिहून देतात, आणि भाऊ दर वर्षी आंबे, नारळ, सुकेळी घेऊन त्यांच्या दारी जातो. कायद्याच्या कागदाला नात्याचा ओलावा जेथे मिळाला तेथे वाड्या टिकल्या. जेथे तो आटला तेथे कज्जे उभे राहिले, आणि कज्ज्याचा शेवट पुष्कळदा इमारतीत झाला.

कारण याच काळात मुंबई उत्तरेकडे सरकत होती. जमिनीला सोन्याचा भाव आला. नव्या वसाहतींना पाणी हवे होते, आणि ते वाड्यांतील विहिरींतून टँकर भरभरून नेले जाऊ लागले. समुद्रकाठच्या जमिनीत गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोडे हलके, खारे जड. पावसाने मुरते तेवढेच उपसले तर हा समतोल टिकतो. त्याहून अधिक उपसले की खालचे खारे पाणी वर चढते, समुद्र भूमीखालून आत शिरतो, आणि एकदा खारावलेली विहीर सहजी गोडी होत नाही. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या, पानवेली वाळल्या, तेव्हा शेतकऱ्याला हे शास्त्र कोणी शिकवावे लागले नाही. त्याच सुमारास वसई-विरारच्या हरित पट्ट्यावर मोठ्या नागरी विकासाची योजना आली.

तेव्हा या शेतकऱ्यांनी जो लढा दिला तो मराठी मुलखाच्या पर्यावरण-चळवळींच्या इतिहासात आदराने नोंदवावा असा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, आणि हिंदू व ख्रिस्ती शेतकरी, स्त्रिया व पुरुष, वाडी वाचविण्यासाठी रस्त्यावर उतरले. दिब्रिटो हे नंदाखालचे सुपुत्र. ‘सुवार्ता’ मासिकाचे त्यांनी दीर्घकाळ संपादन केले, आणि 2020 साली उस्मानाबाद येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. 2024 च्या जुलैमध्ये त्यांचे निधन झाले. पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या रक्षणाविषयीचे आपले प्रसिद्ध परिपत्रक 2015 मध्ये काढले. त्याच्या सुमारे पाव शतक आधी वसईच्या शेतकऱ्याने तोच आशय आपल्या विहिरीच्या काठावर उभे राहून उच्चारला होता. भूमी ही देवाने मनुष्याच्या हाती सोपविलेली ठेव आहे, तिचा उपभोग घ्यावा पण तिला संपवू नये, हा विचार त्याला कोणत्या ग्रंथातून घ्यावा लागला नाही. बावखलाने त्याला तो शिकविला होता.

लढ्याने बरेच वाचले, आणि बरेच गेलेही. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, 2009 मध्ये महानगरपालिका झाली, 2014 मध्ये तालुका नव्या पालघर जिल्ह्यात गेला. गावांच्या सीमा आणि कचेऱ्या बदलल्या. कित्येक बावखले बुजली, आणि त्यांच्या जागी पावसाळ्यात पाणी साठू लागले, कारण पाण्याला आपली जुनी वाट आठवत असते. तरुण मुले शिकली, अभियंते झाली, परिचारिका झाल्या, धर्मगुरू आणि धर्मभगिनी झाल्या. यात खेद करण्यासारखे काही नाही. आईबापांनी पाट्या वाहिल्या त्या यासाठीच. पण केळीचा एक नियम आहे: खांबाला एकदाच घड येतो, घड उतरला की तो खांब संपतो, आणि त्याच्या पायाशी उगवलेला मुनवा त्याची जागा घेतो. पायाशी मुनवा नसेल तर घड कितीही मोठा असला तरी ती केळ तिथेच संपते. गावागावांतील म्हातारी माणसे आज त्या मुनव्याची वाट पाहत आहेत. काही ठिकाणी तो उगवतोही आहे. नोकरी सांभाळून सोनचाफा लावणारी, फुले दादरला पाठवणारी, आजीकडून सुकेळ्यांचे तंत्र शिकून घेणारी मुले-मुली मी पाहिली आहेत, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात अपार आदर आहे.

ईस्टरच्या आधीच्या रविवारास मराठी ख्रिस्ती माणूस झावळ्यांचा रविवार म्हणतो. आदल्या दिवशी वाडीतल्या नारळीवरून कोवळ्या, पिवळसर झावळ्या उतरवतात, घरातली मुले ओटीवर बसून त्यांचे लहान लहान क्रूस विणतात, आणि सकाळी सारे धर्मग्राम हातांत झावळ्या घेऊन मिरवणुकीने चर्चमध्ये जाते. त्या आशीर्वादित झावळ्या घरी आणून वेदीमागे किंवा दारावर खोचून ठेवतात. वर्षभर त्या तेथे सुकत राहतात. पुढील उपवासकाळ जवळ आला की त्या परत चर्चमध्ये जमा होतात, जाळल्या जातात, आणि राखेच्या बुधवारी धर्मगुरू तीच राख चिमटीत घेऊन प्रत्येकाच्या कपाळी लावतात, मनुष्य मातीचा आहे आणि त्याला मातीतच मिसळावयाचे आहे याची आठवण देत. जगात इतरत्र हे वचन ऐकून माणसे गंभीर होतात. वसईच्या शेतकऱ्याला मात्र ते घरचेच वाटते. ती झावळी त्याच्या आजोबांनी लावलेल्या नारळीची असते, ते आजोबा चर्चमागच्या जमिनीत निजलेले असतात, आणि कपाळावरची राख न पुसता तो तसाच वाडीत परततो, कारण पाण्याची पाळी त्याची असते.